मिऱ्याच्या काढ्याने अँटिबायोटिकचा कोर्स कमी होत नाही

नागपूरच्या इतवारी बाजारात मिरे घ्यायला गेलं की कुणीतरी सांगतंच, "काढ्यासोबत अँटिबायोटिक घ्या, दोन दिवसांत काम होतं, बाकीच्या गोळ्या ठेवून द्या." व्हॉट्सअ‍ॅपवरही हे कित्येक वर्षं फिरतंय. परवा शेजारच्या काकूंच्या मसाल्याच्या डब्यात, मिऱ्यांच्या पुडीखाली, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या उरलेल्या चार गोळ्या दिसल्या आणि मला धस्स झालं.

यात खरं आहे ते मिऱ्याला तिखटपणा देणारं पायपरीन. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू आत शिरलेलं औषध एका पंपाने बाहेर उपसून टाकतो, विहिरीवरची मोटर पाणी उपसते तसं. 2006 साली जम्मूच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की पायपरीन हा उपसा अडवतं आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन कमी मात्रेतही लागू पडतं. पण हे प्रयोगशाळेत, शुद्ध पायपरीन मोजूनमापून घालून. जिवाणू मारले ते औषधानेच! पायपरीन पाण्यात जेमतेम विरघळतं. काढ्यात किती उतरलं नि रक्तात किती पोचलं, हे घरी कसं मोजणार? काढ्यात हळद घातली तरी तेच, तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं.

उलट पायपरीनमुळे काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, त्यात फिटवरचं फेनिटॉइनही आहे. सावजी रश्श्यातल्या मिऱ्यांना घाबरू नका. पण रोज काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, आणि गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे त्यांनाच ठरवू द्या.