कोंबडीच्या पेशीतच घडणारी लस

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, या रोगाची धास्ती कुक्कुटपालकांना नेहमीचीच. त्यावरील लासोटा लस पिण्याच्या पाण्यातून द्यायची तर पक्ष्यांना आधी काही वेळ तहानलेले ठेवावे लागते, क्लोरीनने लस निकामी होऊ नये म्हणून पाण्यात दुधाची भुकटी मिसळावी लागते आणि बर्फात ठेवून आणलेल्या कुपीतील लस कालवलेले ते पाणी दोनेक तासांत संपेल हेही पाहावे लागते. ही सारी उस्तवार लशीतील जिवंत विषाणूसाठी असते, कारण नागपूरच्या मे महिन्यात तो फार काळ तग धरत नाही.

डीएनए लशीत विषाणू नसतोच. उदाहरणार्थ, बर्ड फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. त्याच्या जनुकाची डीएनए प्रत प्लाझ्मिड या वर्तुळाकार रेणूत बसवून जिवाणूंमध्ये वाढवतात आणि शुद्ध करून पक्ष्याच्या स्नायूत टोचतात. प्लाझ्मिड पेशीच्या केंद्रकात शिरले की पेशी स्वतःच ते प्रथिन तयार करू लागते, आणि ते परके असल्याचे ओळखून प्रतिपिंडांबरोबरच संसर्गित पेशींना मारणाऱ्या टी-पेशीही सज्ज होतात. शिवाय डीएनएचा रेणू उष्णतेपुढे जिवंत विषाणूपेक्षा कितीतरी चिवट असतो.

अमेरिकी संशोधक हॅरिएट रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हिमॅग्लुटिनिनच्या एच७ या प्रकाराच्या जनुकाची अशी लस कोंबड्यांना दिली, तेव्हा प्राणघातक संसर्गानंतरही सुमारे निम्मे पक्षी वाचले. लस न दिलेले जवळपास सगळे दगावले. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेत एच५ विरुद्धच्या डीएनए लशीला कोंबड्यांसाठी सशर्त परवाना मिळाला.

नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीत एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचे निदान झाले, त्यामुळे या विषाणूची झळ कुठवर पोहोचते हे नागपूरकरांनी जवळून पाहिले आहे. आपल्याकडे प्रादुर्भाव आढळला की एक किलोमीटरच्या परिसरातील कोंबड्या नष्ट केल्या जातात. लसीकरणावरचा मोठा आक्षेप असा, की लसवंत कळपात छुपा संसर्ग ओळखणे कठीण होते. माझ्या मते डीएनए लशीचे खरे मोल इथेच आहे: तिच्यात केवळ हिमॅग्लुटिनिनचे जनुक असल्याने विषाणूच्या आतील न्यूक्लिओप्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली, तर त्या पक्ष्याला प्रत्यक्ष संसर्ग झाला होता हे रक्ततपासणीतून कळते.

अडचण आहे ती लस पक्ष्यापर्यंत पोहोचवण्याची. टोचलेल्या डीएनएपैकी फारच थोडा अंश केंद्रकापर्यंत जातो, म्हणून मात्रा मोठी लागते किंवा दुसरा डोस द्यावा लागतो. आणि जेमतेम सहा आठवड्यांत बाजारात जाणाऱ्या हजारो ब्रॉयलर पक्ष्यांना एकेक करून दोनदा टोचणे कोणत्याही पोल्ट्रीवाल्याला परवडणारे नाही. त्यामुळे कायटोसान या कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या सूक्ष्म कणांत डीएनए बांधून देण्याचे, तसेच मॅरेक्स या कोंबड्यांच्या विषाणुजन्य रोगाची लस उबवणी केंद्रांत जशी १८व्या दिवशी अंड्यातच यंत्राने टोचली जाते, तशी ही लसही अंड्यातच देण्याचे प्रयोग मला अधिक आश्वासक वाटतात.