वारा ज्याच्या पाठीशी

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरातून खंबातच्या आखाताकाठी कावी-कंबोईला सहल निघते ती स्तंभेश्वर महादेवासाठी. भरतीत पिंडी पाण्याखाली जाते, त्यामुळे दर्शनाची वेळ समुद्रच ठरवतो. मंडळी देवळाकडे वळली की मी कॅमेरा घेऊन चिखलाच्या कडेला, पक्ष्यांचे फोटो काढायला.

पहिल्या हिवाळ्यात मी जेवूनखाऊन दुपारी जायचो. तुतवार, चिखले, शेकाटे, सगळे हजर. पण घरी येऊन फोटो पाहावेत तर शेपट्याच शेपट्या! पक्षी लाजत नव्हते, मीच वाऱ्याच्या चुकीच्या बाजूला उभा होतो.

पक्ष्याची पिसं कौलांसारखी रचलेली असतात, डोक्याकडून शेपटीकडे एकावर एक. समोरून वारा आला तर ती अंगाशी चपखल बसतात. मागून आला की कौलं उचकटतात आणि पिसांखाली साठवलेली ऊबदार हवा निसटते. म्हणून जोराच्या वाऱ्यात अख्खा थवा एकाच दिशेला तोंड करून उभा राहतो. कंबोईचा किनारा पश्चिमेकडे उघडा. दुपारपर्यंत जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्राकडून वारा सुटतो. पक्ष्यांची तोंडं समुद्राकडे, पाठ माझ्याकडे, वर सूर्यही समोर. फोटो बिघडवायला आणखी काय हवं?

हिवाळ्यात सकाळी सगळं उलटं असतं. वारा बहुधा ईशान्येचा, जमिनीवरून येणारा, सूर्यही पाठीशी. पक्षी आपसूक तुमच्याकडे बघतात. उडतानाही ते वाऱ्याला तोंड देऊनच झेपावतात, कारण पंखांना उचल मिळते ती त्यांच्यावरून वाहणाऱ्या हवेच्या वेगामुळे, आणि समोरचा वारा त्यातला काही वेग फुकट देतो. समजा पक्षी ताशी 50 किलोमीटरने हवा कापतोय आणि समोरून 20 चा वारा आहे. जमिनीच्या हिशेबाने तो 30 नेच सरकतो. तोच वारा पाठीवर घेतला तर 70 ने. पहिल्याला चौकटीत धरता येतं, दुसरा दिसला म्हणेपर्यंत गेलेला असतो. पंखांची फडफड मात्र वाऱ्याने मंदावत नाही, तेव्हा शटर 1/2000 सेकंदापेक्षा मंद ठेवू नका.

आता आपली थरथर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की लेन्सवरचा रेटा चौपट होतो, आणि लेन्सच्या तोंडावरचं लांब हूड म्हणजे आयतं शीडच. त्यावर उपाय एकच, आडवं पडणं. जमिनीच्या घर्षणामुळे अगदी खालच्या थरात वारा बराच मंद असतो. टिलवेही एखाद्या ढेकळाआड बसून तेच करतात. ट्रायपॉडला पिशवी लटकवायचा सल्ला सगळे देतात, पण वाऱ्यात ती झोके घेते आणि कॅमेऱ्यालाही हलवते. तिचं बूड जमिनीला टेकू द्यावं.

भरतीचं गणितही जमवावं लागतं. पाणी चढेल तसे पक्षी चिखलावरून किनाऱ्याकडे सरकतात, पण भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. सकाळी सात ते नऊच्या बेतात ती सापडणारे दिवस पंधरवड्यात दोन-तीनच. त्या वेळी थवा विसावलेला असतो. जेमतेम 25 ग्रॅमचा छोटा टिलवा टुंड्रातून इथवर आलेला. उडतानाच्या फोटोसाठी त्याला हुसकावणं मला तरी पटत नाही. धीर नसेल त्याने डभोईजवळच्या वढवाण्याला जावं. सयाजीरावांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला तो तलाव 2021 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथे खारा वाराही नाही.

खारा वारा ही भलतीच चिवट गोष्ट. मीठ सुमारे 75 टक्क्यांवर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. सकाळी कोरडी वाटणारी लेन्स संध्याकाळी चिकट लागते ती यामुळेच. कोरडं फडकं फिरवलं तर मीठ पसरतं आणि त्यात वाळूचा कण असेल तर काचेवर ओरखडा उठतो. आधी फुंकणीने कण उडवायचे, मग किंचित ओल्या फडक्याने टिपायचं. आई हे काम देवघरातल्या समयांबरोबरच उरकायला सांगते, पण चिंचेचं पाणी मी अजून लेन्सजवळ फिरकू दिलेलं नाही.