मोठ्या टायरात हवा किती असावी?

इंदूरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या हिवाळ्यात जीपला मूळच्यापेक्षा रुंद, उंच आणि खोल नक्षीचे टायर बसवले, तेव्हा दुकानदाराने टायरच्या बाजूवरचा आकडा वाचून चारही चाकांत 50 पीएसआय (दर चौरस इंचावर 50 पौंड दाब) हवा भरून दिली. बायपासच्या प्रत्येक सांध्यावर गाडी उसळू लागली. “मामा, टायरवर लिहिलेला आकडा चुकीचा कसा असेल?” असे त्याने विचारले, आणि हा प्रश्न अगदी रास्त आहे.

तो आकडा कमाल भारासाठी असतो. त्याच्या टायरचा भारांक 112 होता, म्हणजे एक टायर जास्तीत जास्त 1,120 किलो पेलू शकतो. माणसे व सामान धरून जीप दोन टनांची मानली, तरी एका चाकावर सुमारे 500 किलोच येतात. गाडीच्या कंपनीने दारावरच्या पट्टीत दिलेला हवेचा आकडाही इथे जसाच्या तसा चालत नाही, कारण तो मूळ मापाच्या टायरसाठी असतो.

गाडीचे वजन मुख्यतः आत कोंडलेली हवा पेलते, त्यामुळे टायर जमिनीला किती टेकतो हे वजनाला दाबाने भागून ढोबळमानाने काढता येते. 500 किलोंसाठी 50 पीएसआयला सुमारे 142 चौरस सेंटीमीटर, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोडीच मोठी जागा टेकते. 28 पीएसआयला ती 250 च्या पुढे जाते. मोठ्या टायरात हवेचे आकारमान अधिक असल्याने तेच वजन कमी दाबावर पेलले जाते. मात्र एलटी, म्हणजे लाइट ट्रक, प्रकारच्या टायरला साध्या कारच्या टायरपेक्षा तेवढ्याच वजनासाठी अधिक दाब लागतो, म्हणून कोणत्या दाबाला टायर किती वजन पेलतो हे सांगणाऱ्या उत्पादकाच्या भार-तक्त्यातील किमान आकड्याखाली रस्त्यावर कधीही जाऊ नये. हवा कमी पडली की टायरच्या बाजू सतत दुमडून तापतात, आणि भर वेगात टायर फुटण्याचे ते एक मोठे कारण आहे.

नेमका आकडा आम्ही खडूने शोधला. नक्षीवर आडवी जाड रेघ ओढली, सपाट डांबरी रस्त्यावर गाडी थोडी सरळ चालवली आणि खाली वाकून पाहिले: मधला खडू साफ पुसला गेला होता, कडांचा जसाच्या तसा होता. हवा जास्त असल्याची ती खूण. थोडी थोडी कमी करत गेलो, तेव्हा पुढे 30 आणि मागे 28 वर रेघ सारखी पुसली गेली. इंजिनामुळे पुढचा भार अधिक, हेही त्यात दिसले.

दाब नेहमी टायर थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वीच मोजावा. जानेवारीत 10 अंशांना भरलेली 30 पीएसआय हवा मे महिन्यातल्या 40 अंशांना, गाडी जागची न हलताही, साडेचौतीसच्या आसपास जाते, म्हणून माळव्यात ऋतू पालटला की मोजणी पुन्हा करावी लागते.

पावसाळ्यात इंदूरजवळच्या चोरलकडच्या कच्च्या वाटांवर काळी माती नक्षीत गच्च बसते. तिथे 18 ते 20 पर्यंत हवा उतरवली, की टायरचा टेकलेला भाग लांबतो आणि पकड वाढते. वेग मात्र अगदी कमी ठेवावा, टोकदार दगडांपासून फुगलेल्या बाजू जपाव्यात, आणि सुमारे 15 च्या खाली जाऊ नये, कारण वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. भाचा आता छोटा कॉम्प्रेसर गाडीतच ठेवतो आणि डांबरी रस्ता लागताच, वेग घेण्यापूर्वी, चारही चाकांत पुन्हा हवा भरतो.