होडी वाऱ्यावर, रबरी मासा तळाशी

हतनूर, वाघूर किंवा गिरणा धरणाच्या पाण्यात वल्हं आत घेऊन होडी वाऱ्यावर सोडली की गळ कोणत्या बाजूला टाकायचा? होडी जिकडे सरकतेय तिकडे. नवखे नेमके उलट करतात, कारण मागे टाकला की दोरा आपोआप ताठ राहतो आणि बरं वाटतं. पण तो ताठ दोराच रबरी माशाला, म्हणजे गळाला ओवलेल्या मऊ प्लास्टिकच्या आमिषाला, तळापासून वर उचलतो.

हिशेब साधा आहे. पाणी 5 मीटर खोल आणि आमिष सेकंदाला अर्धा मीटर बुडतंय असं धरू. तळ गाठायला 10 सेकंद. ताशी 2 किलोमीटरनं वाहणारी होडी तेवढ्यात साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. पुढे टाकलेला गळ या वेळात सैल दोऱ्यावर सरळ खाली जातो. आपण फक्त ढील गुंडाळत राहायची, ओढायचं नाही. होडी त्याच्या डोक्यावर आली की वर घ्यायचा, पुन्हा पुढे टाकायचा.

वारा वाढला की गणित झपाट्यानं बिघडतं. पाण्याचा रोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर ओढ चौपट. मग गळावरच्या 7 ग्रॅमच्या शिसाच्या जागी 14 ग्रॅम लावायचा मोह होतो. जड शिसं तळ गाठतं खरं, पण बुडालेल्या बाभळीत अडकतंही तितक्याच लवकर. त्याआधी होडीच हळू करा: खताच्या रिकाम्या गोणीचं तोंड तारेच्या कड्यानं उघडं ठेवा, खालच्या कोपऱ्याला छोटंसं भोक पाडा, कड्याच्या खालच्या बाजूला दगड बांधा आणि दोरीनं वाऱ्याकडच्या काठावरून सोडा. गोणी पाण्यानं फुगते आणि होडीला मागे धरून ठेवते.

हतनूर गाळानं भरत आलेलं. तिथे शिसं टेकल्याचा 'टक' हाताला लागत नाही. ढील गुंडाळून जेमतेम सरळ ठेवलेला दोरा अचानक लोंबतो, तीच खूण. खडकाळ तळावर मात्र ठोका स्पष्ट कळतो.

शेपटी हलत नसेल तर दोष बहुधा ओवण्यात. गळ आमिषाशेजारी धरून त्याचा बाक कुठे येतो तिथे नखानं खूण करा, नाकाच्या मधोमध टोचा, खुणेवरच पाठीच्या मध्यरेषेतून बाहेर काढा. दोन मिलिमीटर बाजूला गेलं तरी मासा भोवऱ्यासारखा फिरतो आणि दोऱ्याला पीळ पडतो. मरळ अंगाच्या दोन्ही बाजूंच्या संवेदनशील रेषेनं (पार्श्वरेषेनं) पाण्यातली कंपनं टिपते, त्यामुळे गढूळ पाण्यात शेपटीची ती थरथरच कामाची, रंग नंतर.

आणि जळगावच्या मे महिन्यात ही आमिषं होडीच्या फळीवर पसरू नका. ती पीव्हीसीत मऊपणा आणणारं तेल मुरवून केलेली असतात. उन्हात वाकडी झालेली शेपटी मग नीट थरथरत नाही. तेच तेल कडक पारदर्शक प्लास्टिकची डबी चिकट करून विरघळवतं. मूळ पाकीट सर्वांत बरं, तेही ओल्या बारदानाखाली.