हृदय बंद पडलेल्या रुग्णावर नव्या शॉक-पद्धतीचा अभ्यास: बडोद्यात परवानगी कशी मिळवायची, कोण पात्र, कागदपत्रं कोणती

रुग्णवाहिका आली, पॅड लावले, ओळीने तीन शॉक दिले, तरी मॉनिटरवर हृदयाची थरथर तशीच. आता चौथा शॉक कसा द्यायचा? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सहा रुग्णवाहिका सेवांनी २०१८ ते २०२२ या काळात हाच प्रश्न तपासला. डोस-व्हीएफ नावाच्या त्या अभ्यासात ४०५ रुग्ण होते. पॅड नेहमीच्या जागी ठेवून शॉक दिलेल्यांपैकी १३.३ टक्के रुग्ण रुग्णालयातून जिवंत बाहेर पडले. एक पॅड छातीवर आणि दुसरा पाठीवर लावलेल्यांत हे प्रमाण २१.७ टक्के होतं. दोन मशीननी लागोपाठ, सेकंदाच्या आत, दोन शॉक दिलेल्यांत ते ३०.४ टक्के निघालं. बेत ९३० रुग्णांचा होता, पण कोविडमुळे काम अर्ध्यातच थांबवावं लागलं. म्हणून हे आकडे आपल्याकडेही तपासायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

मी डॉक्टर नाही. शाळेतून निवृत्त झाले आणि एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे रुग्णांवरच्या अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिकांच्या बाजूने बसते. आमच्याकडचे निवासी डॉक्टर 'अर्ज कुठे करायचा?' असं विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उद्या रुग्णाच्या घरच्यांवर सही करायची वेळ आली, तर त्यांच्याही उपयोगी पडेल.

पहिला निर्णय, अर्ज कोणाच्या दारी न्यायचा याचा. मशीनच नवं असेल, किंवा निष्कर्ष दाखवून कंपनीला विक्रीचा परवाना मिळवायचा असेल, तर मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ प्रमाणे केंद्रीय औषध नियंत्रकाकडे, म्हणजे सीडीएससीओकडे, एमडी-२२ फॉर्म भरायचा. परवानगी एमडी-२३ मध्ये येते. सरकारी किंवा सरकारी अनुदानावरच्या संस्थेला फी नाही. मशीन आधीच परवान्याचं असेल, अभ्यास निव्वळ शैक्षणिक असेल आणि त्याची माहिती परवान्यासाठी वापरायची नसेल, तर एथिक्स कमिटीची मंजुरी पुरते. दोन मशीन एकदम वापरण्याबद्दल शंका येणं साहजिक आहे. अशा वेळी अंदाज बांधत बसू नका. सीडीएससीओला पत्र लिहा आणि आलेलं उत्तर फाइलला लावा. परदेशी संस्थेचा पैसा किंवा सहभाग असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावं लागतं.

रुग्णांची पात्रता थोडक्यात सांगते. वय १८ किंवा जास्त, हृदय रुग्णालयाबाहेर बंद पडलेलं, कारण हृदयाचंच असावं असा अंदाज, लय शॉक देण्याजोगी आणि तीन शॉकनंतरही न सुटलेली. अपघात, बुडणं, गळफास किंवा औषधांचा अतिरेक यांमुळे हृदय थांबलेल्यांना घेत नाहीत.

अर्जाला पुढची कागदपत्रं लागतात: अभ्यासाचा संपूर्ण आराखडा, नोंदींचा नमुना फॉर्म, प्रमुख संशोधकाची माहिती, मेडिकल कौन्सिलची नोंदणी, जीसीपी, म्हणजे रुग्णांवरचा अभ्यास नीट कसा करावा याच्या नियमांच्या, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, खर्चाचा अंदाज, विमा आणि भरपाईची व्यवस्था, माहितीपत्रक, संमतीपत्र आणि त्यांच्या भाषांतरांचे दाखले. यात रुग्णवाहिका सेवेचं लेखी संमतीपत्र हमखास राहून जातं. दोन शॉकच्या पद्धतीला दोन मशीन लागतात, आणि दुसरं मशीन बहुधा दुसऱ्या गाडीतून येतं. मांडवीजवळच्या पोळांत, म्हणजे अरुंद गल्ल्यांत, एक गाडी शिरायची मारामार, तिथे दुसरी कशी आणि किती वेळात येणार, हे आराखड्यात लिहिलेलं असावं. दोन्ही बटणं अगदी एकाच क्षणी दाबली तर मशीन बिघडू शकतं. म्हणून एकाच माणसाने ती लागोपाठ दाबायची, हेही प्रशिक्षणाच्या कागदात यायला हवं. दुसऱ्या गाडीची वाट बघताना छातीवरचे दाब थांबता कामा नयेत. सीपीआरविना, म्हणजे या दाबांविना, जाणाऱ्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

आता संमती. कमिटीचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि जायलाच हवा. रुग्ण बेशुद्ध, बायको दारात रडत उभी. तिला तेव्हा कागद दाखवायला वेळ नसतो, आणि दाखवणं माणुसकीचंही नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आगाऊ संमतीतून सूट द्यायची की नाही, हे कमिटी ठरवते. सूट नुसती मागून मिळत नाही, ती का हवी ते अर्जात पटवून द्यावं लागतं. नंतर जवळच्या नातेवाइकाला, आणि रुग्ण शुद्धीवर आला की त्याला स्वतःला, सगळं सांगून पुढची संमती घ्यायची. नाही म्हटलं तर उपचारात काडीचाही फरक पडणार नाही, हे ठळक अक्षरात हवं. अमेरिकेत १९९६ च्या नियमानुसार अशा अभ्यासाआधी त्या भागातल्या लोकांशी बोलावं लागतं. आपणही दांडिया बाजार, रावपुऱ्यात अशा बैठका घ्याव्यात, गुजरातीत आणि मराठीतही.

एकदा आमच्यापुढे आलेल्या मराठी पत्रकात 'हृदयाला अटक' असे शब्द होते. मी ते शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. त्या घाबरून म्हणाल्या, "अगं, पोलीस कशाला?" आम्ही ते 'हृदय अचानक बंद पडणं' असं करून घेतलं आणि पत्रक पुन्हा गुजरातीत उलटवून तपासलं. पद्धत कशी ठरते, तेही सोप्या शब्दांत हवं. ओंटारिओत प्रत्येक सेवा दर सहा महिन्यांनी पद्धत बदलत होती. म्हणजे कोणाला कोणता शॉक मिळणार हे तारखेवर ठरत होतं, गाडीतल्या माणसाच्या मर्जीवर नव्हे. हे कळलं की नातेवाइकांच्या मनातला 'आमच्यावरच का?' हा सल निम्मा उतरतो.

मंजुरी मिळाली की पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा अभ्यासांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी करायची. ती मोफत असते. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी चालत नाही. या आजारात बरेच रुग्ण दगावतात. म्हणून कोणता मृत्यू अपेक्षित धरायचा, हे आधी लिहून ठेवा, पण प्रत्येक मृत्यू २४ तासांत कमिटीला कळवा.

घरच्यांनी संमतीपत्राची प्रत मागून घ्यावी. तिच्यावर प्रमुख संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीचा असे दोन फोन नंबर असायला हवेत. नसतील तर ते लिहून दिल्याशिवाय सही करू नका.