मिथेनॉलमधला कार्बन येतो कुठून?

मिथेनॉल या साध्या अल्कोहोलच्या कारखान्यात उत्प्रेरकावरून, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थावरून, जाणाऱ्या वायूत हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा कार्बन डायऑक्साइड असतो. यातल्या शेवटच्या दोनांपैकी कुणाचा कार्बन मिथेनॉलमध्ये उतरतो, हे नक्की ठरायला उद्योग सुरू झाल्यापासून साठेक वर्षे गेली. कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल बनवायच्या आजच्या योजना याच उत्तरावर उभ्या आहेत, म्हणून हा इतिहास माहीत असायला हवा.

सुरुवात १९२३ची. जर्मनीतल्या लॉयना इथे बीएएसएफ या रसायन कंपनीने झिंक ऑक्साइड आणि क्रोमियम ऑक्साइडचा उत्प्रेरक वापरून मिथेनॉलचे मोठे उत्पादन सुरू केले. दाब २५० ते ३५० बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका), तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या वर. तांबे याहून सौम्य परिस्थितीत काम करते हे तेव्हाही माहीत होते. पण कोळशापासून केलेल्या वायूत गंधक असे आणि गंधकाने तांबे निकामी होई. पुढे नाफ्था (खनिज तेलातून मिळणारा हलका द्रव) आणि नैसर्गिक वायूपासून गंधकमुक्त वायू मिळू लागला. मग १९६६मध्ये आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीने इंग्लंडमधल्या बिलिंगहॅमला तांबे, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) यांचा उत्प्रेरक वापरून ५० ते १०० बार दाबावर संयंत्र चालवले. आजचे बहुतेक कारखाने याच वाटेचे आहेत.

मोनॉक्साइडला हायड्रोजनचे दोन रेणू मिळाले की मिथेनॉल होते. हिशेब इतका सरळ की बहुतेकांनी तोच मार्ग गृहीत धरला. वायूत थोडा डायऑक्साइड असला की वेग वाढतो, हे दिसत होते. त्याचा अर्थ अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठातल्या क्लियर यांच्या गटाने असा लावला, की डायऑक्साइडमुळे तांबे क्रियाशील अवस्थेत टिकते; कार्बन मात्र मोनॉक्साइडचाच.

नुसते उत्पादन मोजून हा वाद मिटणे शक्य नव्हते. त्याच उत्प्रेरकावर मोनॉक्साइड आणि पाण्याची वाफ मिळून डायऑक्साइड आणि हायड्रोजन होतात, आणि उलटही घडते. दोन्ही कार्बन एकमेकांत मिसळत राहतात. उपाय एकच: एका वायूतल्या कार्बनवर खूण करायची आणि मिसळण होण्याआधी मिथेनॉल तपासायचे. सोव्हिएत संघात कागन, रोझोव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात किरणोत्सारी कार्बन-१४ वापरून हेच केले आणि कौल डायऑक्साइडच्या बाजूने दिला. पश्चिमेत तो सहजी मानला गेला नाही. १९८७मध्ये आयसीआयच्याच चिंचन, स्पेन्सर आदी संशोधकांनी वायूचा प्रवाह वेगवान ठेवून औद्योगिक परिस्थितीत प्रयोग केला. मिथेनॉलमधली खूण डायऑक्साइडशी जुळली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत निर्णायक प्रयोग हाच.

पण त्यामुळे मोनॉक्साइड निरुपयोगी ठरला असे नाही. डायऑक्साइडपासून मिथेनॉल होताना पाणी तयार होते आणि ते अभिक्रिया मंदावते. मोनॉक्साइड ते पाणी खर्च करतो आणि नवा डायऑक्साइड पुरवतो.

पुढचा प्रश्न मधल्या पायऱ्यांचा. तांब्याच्या पृष्ठभागावर फॉर्मेट (डायऑक्साइडमधल्या कार्बनला हायड्रोजन जोडून होणारा गट) तयार होतो, हे अनेक प्रयोगांत दिसले. तोच पुढे हायड्रोजन घेत मिथेनॉलपर्यंत पोचतो, असे बरेच जण मानतात. काहींच्या मते पृष्ठभागावरचा बराचसा फॉर्मेट नुसता बसून असतो आणि खरी वाट कार्बॉक्सिल गटातून जाते, ज्यात हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेला असतो. जस्ताच्या (झिंकच्या) भूमिकेवरही एकमत नाही. २०१२मध्ये बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतल्या बेरेन्स आणि सहकाऱ्यांनी तांब्याच्या पायरीसारख्या कडा आणि तिथे मिसळलेले जस्त हे क्रियाशील स्थान असल्याचे मांडले. २०१७मध्ये अमेरिकी गटाने तांबे आणि झिंक ऑक्साइड यांच्या सीमारेषेकडे बोट दाखवले.

आइसलँडमध्ये स्वार्टसेंगी इथे भूऔष्णिक केंद्रातून निघणारा डायऑक्साइड आणि पाण्यापासून काढलेला हायड्रोजन यांपासून मिथेनॉल करणारे संयंत्र २०१२मध्ये सुरू झाले. अशा ठिकाणी आत जाणाऱ्या वायूत पाणी खर्च करायला मोनॉक्साइड नसतो. पाणी साचते, तांब्याचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि उत्प्रेरक लवकर थकतो. आयसीआयच्या उत्प्रेरकाची घडण मोनॉक्साइड भरपूर असलेल्या वायूसाठी झाली होती. पाणी सोसणारा उत्प्रेरक घडवणे हे आता या क्षेत्रातले मुख्य काम आहे.