न्हाणं गेलं, तेल तेवढं राहिलं

आमच्याकडे रविवारी न्हाणं असे. आदल्या रात्री रिठे फोडून, बिया काढून टरफलं भिजत घालायची. सकाळी त्यातच शिकेकाई आणि आवळकाठी टाकून पाणी उकळायचं. हाताने कोळलं की पातेल्यावर पांढराशुभ्र फेस चढे. आजी आधी डोक्याला खोबरेल चोळायची आणि तासाभरात ते खसाखसा धुऊनही टाकायची. डोळ्यांत पाणी गेलं की घरभर रडारड.

तो फेस रिठा-शिकेकाईतल्या सॅपोनिन या द्रव्याचा. या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. त्यामुळे तेल पाण्याबरोबर निघून जातं. साबणही असाच काम करतो, पण तो अल्कधर्मी. शिकेकाईचा काढा सौम्य आम्लधर्मी, डोक्याच्या त्वचेला मानवणारा.

कोंड्याला खरी गरज असते ती या धुण्याची. आपण मात्र कोंडा म्हणजे कोरडेपणा समजून रात्रभर चपचपीत तेल थापून ठेवतो. कोंड्यामागे असतं मलासेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी. ते आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर असतं. त्याला स्वतःची मेदाम्लं (तेला-तुपाचे घटक) बनवता येत नाहीत, म्हणून ते त्वचेवरचं तेल फोडतं, त्यातली संपृक्त मेदाम्लं खातं आणि ओलेइक आम्ल हे दुसरं मेदाम्ल मागे ठेवतं. ज्यांच्या त्वचेला हे आम्ल सोसत नाही, त्यांच्या डोक्यात खाज सुटते, पेशी घाईघाईने तयार होतात आणि पापुद्र्यांनी गळतात. प्रयोगशाळेत हे यीस्ट वाढवायचं असलं तर माध्यमावर ऑलिव्ह तेलाचा थर देतात. हेच तेल कोंड्यावर उपाय म्हणून चोळलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

खोबरेलाचा गुण खोटा नाही, पण तो केसासाठी आहे. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि केस धुताना-विंचरताना होणारी प्रथिनांची गळती कमी करतं. सूर्यफुलाच्या तेलाला ते जमलं नाही. म्हणजे तेल लावायचं ते केसांच्या लांबीला, धुण्याच्या आधी. आजीचा क्रम बरोबर होता.

केस गळण्याची गोष्ट वेगळी. बाळंतपण, टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ जातात, कारण त्या ताणाने बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असतात. पुढच्या काही महिन्यांत गळती बहुधा आपोआप थांबते. नेमकं तेव्हाच माक्याचं किंवा जास्वंदीचं तेल सुरू असतं आणि श्रेय त्याला जातं. या वनस्पतींवरचे आशादायक प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे आहेत. चाईवर, म्हणजे डोक्यावर गोल टक्कल पडतं त्यावर, कांद्याचा रस लावून २००२ मध्ये बगदादला एक छोटी चाचणी झाली, निकाल चांगला आला. पण चाईचे केस पुष्कळदा उपचाराशिवायही परत येतात.

लहान मुलाच्या डोक्यावर खवले धरून केस तुटलेला चट्टा दिसला, तर ते गजकर्ण असू शकतं. त्याला पोटातून गोळ्याच घ्याव्या लागतात. तिथे तेल लावत दिवस घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.